मी शब्द टाकला नाही

प्रिय दादा,

तुझा फोन आला आणि जिवात जीव आला. वर्षभर ज्या आवाजाची वाट पाहत होते तो कानावर पडला, आणि तोही अगदी तुझ्या जुन्या थाटात, म्हणजे समोरच्याला तोंड उघडू न देता. ‘गारगोटी, शेवटी रक्ताचं नातं कामी आलं. तू शब्द टाकलास, पोरीचं भलं झालं,’ एवढं म्हणालास आणि ठेवलास की फोन. मी ‘अरे पण दादा’ म्हणेपर्यंत पलीकडे कोणी नव्हतं. लहानपणापासूनची तुझी ही खोड. वहिनी म्हणते ते काही खोटं नाही, तुझ्याशी बोलायचं तर महत्त्वाचं आधी सांगून टाकावं, नंतरच्याला वेळ मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून आज पत्र लिहिते आहे. पत्रही मध्येच बाजूला ठेवता येतं, पण ते निदान टेबलावर तसंच पडून राहतं आणि तू चहा घेऊन परत आलास की थांबलं होतं तिथून पुन्हा बोलायला लागतं.

तर वहिनीच्या सल्ल्याप्रमाणे महत्त्वाचं आधी. मी शब्द टाकला नाही. मोठा नाही, छोटा नाही, आडूनसुद्धा नाही. आपल्या गोगूला आमच्या भूशास्त्र विभागात पदव्युत्तर वर्गाला प्रवेश मिळाला हे खरं, आणि त्यात तिच्या या आत्याचा काडीचा हात नाही हेही तितकंच खरं. कपाळाला आठी पडली असेल तर पडू दे, पण पुढचं वाच.

गेल्या वर्षी तू माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास ते मला अजून दिसतं. मी किटली घासत होते आणि तू दाराच्या चौकटीला टेकून, अगदी सहज बोलल्यासारखं दाखवत म्हणालास की पोरीचा अर्ज तुमच्याकडे आला आहे, जरा शब्द टाक. मी नाही म्हटलं. तू म्हणालास, मग त्या खुर्चीवर बसून उपयोग काय? मलाही राग आला, कारण खुर्चीबद्दल कोणी बोललं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. तू गेलास तो गेलासच. त्यानंतर आपल्या दोघांमध्ये वहिनी म्हणजे टपालखातं झाली. ‘तुझे भाऊ विचारत होते गुडघा कसा आहे’, ‘त्यांना सांग बरा आहे’. एका शहरात राहून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी मध्यस्थामार्फत करायची, म्हणजे शहाणपणाची कमालच.

तेव्हा मी तुला जे सांगायचं होतं ते तू ऐकून घेतलं नाहीस, आता ऐक. शब्द टाकायचा तरी कुठे? टाकायला कोणीतरी वाचणारा लागतो. आमच्याकडे त्या वेळी कोणी वाचतच नव्हतं. प्रवेश परीक्षेचे गुण आले की कार्यालयातल्या बाई ते उतरत्या क्रमानं छापायच्या, जागा किती ते बघायच्या आणि पट्टी ठेवून एक रेघ मारायच्या. रेघेच्या वरचे अर्ज समितीकडे, खालचे कपाटात. कपाटातले अर्ज कोणी उघडत नसे. त्यात कोणी काय केलं, का केलं, शिक्षकांनी काय लिहिलं, सगळं पाकिटात झोपलेलं. गोगूचं पाकीटही तिथेच झोपलं. दादा, तिला आम्ही नाकारलं नव्हतं. आम्ही तिला पाहिलंच नव्हतं. मला विचारशील तर ते जास्त वाईट.

आणि आपली गोगू म्हणजे घड्याळाशी जन्मजात वैर. उगाच नाही आपण तिला गोगलगाय म्हणायला लागलो. सगळ्यांची ताटं धुऊन झाली तरी हिची पोळी अर्धी. बूट घालायला बसली की पहिल्या बुटाची नाडी नीट बसेपर्यंत दुसरा वाट पाहतो. प्रश्न समोर आला की ती तो सोडवत नाही, आधी त्याच्याशी ओळख करून घेते, त्याच्या घरचं कोण कोण आहे ते विचारते आणि मग उत्तर लिहिते. उत्तर बरोबर असतं, पण तोवर पेपर गोळा करणारे डोक्यावर उभे असतात. आमच्या परीक्षेला पळणारी माणसं लागायची, आणि दगड तर कुठे पळत नाही. दगड वाचायला बसलं की कोणीही कितीही वेळ बसावं, तो तक्रार करत नाही.

ही रेघ काढून टाकावी म्हणून मी किती वर्षं भांडते आहे ते तुला ठाऊक आहे, कारण त्याबद्दल तुझं डोकं मी पुष्कळ खाल्लं आहे. माझ्या विरोधात सगळ्यात पुढे कोण, तर आमचे अश्मशास्त्राचे सर. विद्यार्थी त्यांना पाठीमागे हातोडासर म्हणतात. एक तर त्यांच्या पिशवीत कायम हातोडा असतो, आणि दुसरं म्हणजे त्यांचं बोलणं. ते म्हणायचे, आकडा खोटं बोलत नाही, निबंध बोलतो. पैसे टाकले की रडवणारा निबंध लिहून मिळतो, गुण लिहून मिळत नाहीत. त्यात तथ्य होतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग यायचा. शेवटी यंदा वरून कळलं की ‘सर्वांगीण प्रवेशपद्धती’ स्वीकारा. नाव भारदस्त, अर्थ साधा: अर्ज पूर्ण वाचा. सगळी पानं.

तू हसशील म्हणून एक गंमत सांगते. आम्ही आधी जुन्या, नावं झाकलेल्या अर्जांवर तालीम केली. शास्त्रातली माणसं आम्ही, पहिलं काय केलं असेल, तर तक्ता. जिद्दीला दहापैकी किती, कुतूहलाला दहापैकी किती, प्रामाणिकपणाला किती. दिवसभर बसून अर्ज वाचले, गुण दिले, गुणांची बेरीज केली, उतरत्या क्रमानं लावले आणि जीवाश्म शिकवणारी आमची धाकटी सहकारी, गुणी पोर, तिनं सवयीनं पट्टी उचलली आणि रेघ मारली. पहिले पाढे पंचावन्न. एक रेघ पुसायला बसलेली माणसं संध्याकाळपर्यंत दुसरी रेघ मारून मोकळी. सगळ्यात आधी हसले ते हातोडासर. ते म्हणाले, “जिद्दीला साडेसहा म्हणजे काय हो? सहा कुठे संपली आणि अर्धी कुठे सुरू झाली?”

त्या दिवसापासून मात्र त्या माणसानं काम अंगावर घेतलं. नवे नियम बहुतेक त्यांचेच. प्रत्येक अर्ज दोघांनी वेगवेगळा वाचायचा आणि मत आकड्यांत नाही, वाक्यांत लिहायचं. परीक्षेचे गुण राहतील, पण पानांमधलं एक पान म्हणून, आणि ते शेवटी बघायचं. बेरीज करायची नाही. आणि सगळ्यात अवघड नियम असा की घेतलेल्याला किंवा नाकारलेल्याला समोर उभं करून, तोंडावर सांगता येईल असं कारण असलं पाहिजे. मी या पद्धतीची भक्त, पण हा नियम मला सुचला नव्हता. तो विरोधकालाच सुचला.

मग खरे अर्ज आले, आणि एका सकाळी कार्यालयातल्या बाई माझ्या दारात येऊन नुसत्या भुवया उंचावून उभ्या राहिल्या. अर्जावर आपलं आडनाव. पोरीनं तुला सांगितलं नव्हतं, वहिनीला सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच नाही. गोगलगाय आणि पोटात पाय! मी पाकिटाला हातही लावला नाही. तडक हातोडासरांकडे गेले आणि म्हटलं, भाची आहे, मी यंदा समितीत नाही, नुसत्या तिच्या अर्जापुरती नाही, पूर्ण वर्षासाठी नाही. ते ‘बरं’ म्हणाले आणि पुन्हा वाचायला लागले. बाहेर येऊन मात्र मला माझंच हसू आलं आणि थोडं रडूही. इतकी वर्षं घसा कोरडा करून जी गोष्ट आणली, ती पहिल्यांदा घडणार आणि मी दाराबाहेर. स्वयंपाक केला मी आणि जेवायच्या वेळी घरात मीच नाही.

बैठकीची खोली आणि आमचं नमुन्यांचं गोदाम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. बैठका चालू असताना मी त्या गोदामात दगड पुसत बसायचे. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेले नमुने, त्यांच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या. भिंतीतून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. कोणीतरी चढ्या आवाजात बोललं की माझा हात थांबायचा. माझी अवस्था म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. तिला नाकारलं तर तू जन्मभर माझं तोंड बघणार नाहीस, आणि घेतलं तर जग म्हणेल आत्यानं चिकटवलं. पण खरं सांगू? दगड पुसता पुसता एक गोष्ट स्वच्छ कळली. मला तुझी किंवा जगाची भीती नव्हती. मला एवढंच हवं होतं की त्या पलीकडच्या खोलीत कोणीतरी तिचं पान उलटावं. बस. मग काय ठरवायचं ते ठरवू देत.

निकाल लागला त्या दिवशी मी यादीत नाव पाहिलं आणि विभागाच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. आनंदानं उड्या मारल्या असं लिहिलं तर ते खोटं होईल. किती दिवस श्वास धरून होते ते तेव्हा समजलं. आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन. दादा, तू ‘गारगोटी’ म्हणालास ना, तिथेच माझे डोळे भरले. पुढचं तू काय बोललास ते मला नंतर नीट आठवलं.

पण माझ्याआधी ते दुसऱ्या कोणीतरी नीट ऐकलं होतं. तू जेवणाच्या टेबलावरून फोन केलास आणि समोर तुझी लेक बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. गोगू. आत आली नाही, बूटही काढले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “आत्या, खरं सांग. तू शब्द टाकलास?” मी नाही म्हटलं. ती मान हलवत राहिली आणि म्हणाली की तू असंच सांगणार, दुसरं काय सांगशील. मग समजलं की तिनं होकार कळवलाच नाही. म्हणाली, कोणाच्या तरी हक्काच्या जागेवर जाऊन बसायचं आणि दोन वर्षं खाली मान घालून फिरायचं, त्यापेक्षा मी आहे तिथे बरी. बोगद्याच्या कामावरची नोकरी आहेच, तिकडे परत जाते. दादा, मी तिला काय काय समजावलं ते लिहीत नाही. मी जितकं समजावलं तितका तिचा संशय वाढला. आणि तिचं काय चुकलं? तिच्या सख्ख्या बापानं तिच्यासमोर माझे आभार मानले होते.

शेवटी तिला म्हटलं, बूट घातलेलेच आहेत, चल. आणि घेऊन गेले हातोडासरांकडे. त्यांना म्हटलं, तोंडावर कारण सांगता आलं पाहिजे हा नियम तुमचाच ना? सांगा. आणि मी दाराशी उभी राहिले.

त्यांनी तिला बस म्हटलं नाही. चष्मा वर केला आणि सुरू झाले. रसायनशास्त्र कच्चं आहे, पहिल्या सत्रात घाम निघेल. लिहिताना वाक्य सुरू कुठे करतेस आणि संपवतेस कुठे याचा पत्ता लागत नाही. प्रवेश परीक्षेत शेवटचे प्रश्न कोरे सोडलेस, ते मला मुळीच आवडलेलं नाही. पदवीच्या मधल्या वर्षी गुण घसरलेले, आणि त्याचं कारण तुझ्या शिक्षिकेनं कळवलं म्हणून आम्हाला कळलं, की तू आईजवळ दवाखान्यात होतीस. तू स्वतः त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. आईचं आजारपण भांडवल म्हणून वापरलं नाहीस, हे मी माझ्या मतात लिहिलं आहे. आणि मग ते पेटीकडे वळले.

ही पेटीची गोष्ट तुला ठाऊक नसणार, मलाही नव्हती. बोगदा खणण्याआधी जमिनीत खोल भोक पाडतात आणि त्यातून दगडाच्या लांब कांड्या बाहेर येतात. जशा निघाल्या तशाच क्रमानं त्या लाकडी पेटीत मांडायच्या, म्हणजे जमिनीखाली कुठे काय आहे ते वरून वाचता येतं. गोगूचं काम ते मांडून लिहून घेण्याचं. एकदा एक पेटी तिनं उलट्या टोकानं भरली. खालचा दगड वर, वरचा खाली. कोणाच्याही लक्षात आलं नाही, पुढचा आराखडाही त्यावरून निघाला. आणि मग एके दिवशी जुन्या कांड्या पुन्हा बघत असताना हिला एका तुकड्यावर पाण्यानं गंजलेली बाजू चुकीच्या दिशेला दिसली. ती गेली साहेबांकडे, म्हणाली, माझी चूक आहे. बोलणी खाल्ली, आणि तो सगळा ढीग एकटीनं पुन्हा मांडला. अर्जात तिनं हेच लिहिलं होतं, तेही आपण किती प्रामाणिक हे सांगायला नाही, तर ती गंजलेली बाजू कशी ओळखायची ते समजावून सांगायला. हातोडासर म्हणाले, “बाकी सगळ्यांनी त्यांना काय येतं ते लिहिलं होतं. तू दगड कसा बघतेस ते लिहिलंस. पहिल्या वाचनात मी तुझ्या विरोधात होतो. दुसऱ्यांदा वाचलं आणि मत बदललं. आणि आत्या म्हणशील तर या बाई गोदामात दगड पुसत होत्या. बरे पुसले आहेत.”

दादा, स्वतःची एवढी खरडपट्टी ऐकून कोणाचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता. रसायनशास्त्र कच्चं आहे म्हटल्यावर तर ती चक्क हसली. ओळखीपाळखीनं घेतलेल्या माणसाला कोणी असं बोलत नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. तिथेच, त्यांच्या टेबलावरच्या दगडधोंड्यांत जागा करून तिनं होकाराच्या कागदावर सही केली. सहीला तिला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहेच. हातोडासर मुकाट्यानं बघत बसले, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

तर आता काळजीचं काही नाही. जागा तिची आहे, सही झाली आहे, वर्ग सुरू व्हायला अवकाश आहे. मी कालपासून इतकी हलकी झाले आहे की गुडघासुद्धा दुखायचा विसरला. फक्त एक गोष्ट उरली, आणि तिच्यासाठीच हे सगळं लिहिलं. परतताना आम्ही बागेजवळच्या बाकावर बसलो. ती तिचं सँडविच नेहमीप्रमाणे कोपऱ्याकोपऱ्यानं खात होती. मी म्हटलं, बाबांना आता तूच सांग. तिनं हातातला कोपरा संपवला आणि मग म्हणाली, “तूच कळव. मी सांगायला लागले की ते ‘कळलं कळलं’ म्हणतात.” दादा, मी जाणते की तुझा वर्षभराचा राग ज्या समजुतीनं गेला, तीच समजूत मी तुझ्याकडून काढून घेते आहे. त्यापायी तू पुन्हा अबोला धरलास तर धर, माझी तयारी आहे, वहिनीचं टपालखातं पुन्हा उघडेल. पण त्याआधी एवढं कर. तिला हाक मार आणि विचार, पेटी उलटी लागली हे तुला कळलं कसं? ती सावकाश सांगेल, मध्ये थांबेल, परत मागे जाईल. तिचं सांगून होईपर्यंत उठू नकोस.

तुझीच,
गारगोटी